अक्षराची वाढ

'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर येण्याच्या वर्षभर आधी, 1912 साली, दादासाहेब फाळके यांनी एक अगदी छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि रोप वाढत असताना अंतराअंतराने एकेक फ्रेम टिपली. महिन्याभराची वाढ मिनिटभरात पडद्यावर उलगडली. बी फुटले, कोंब वर आला, बघता बघता त्याचा वेल झाला. 'अंकुराची वाढ' हे तिचे नाव. दादासाहेबांना कथापटासाठी भांडवल उभे करायचे होते, आणि ज्यांच्याकडून ते मिळायचे त्यांना या नव्या माध्यमाची करामत दाखवायची होती. ते काम या मिनिटभराच्या फिल्मने केले. तिकडे इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी 1910 सालीच 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर'मध्ये कळ्या अशाच उमलवून दाखवल्या होत्या.

वाटाण्याचे रोप त्या काळी कोणाला अनोळखी नव्हते. कॅमेऱ्याने दाखवली ती त्याची चाल. रोप वर जाताना सरळ जात नाही. डोलत, चाचपडत, घिरट्या घालत जाते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी हे कॅमेऱ्याशिवाय टिपले होते. शेंड्याला काचेचा बारीक धागा चिकटवायचा, समोर काचेची पाटी ठेवायची आणि ठरावीक वेळाने पाटीवर ठिपका मारायचा. ठिपके जोडले की शेंड्याचा प्रवास कागदावर यायचा. त्यांचा यावरचा ग्रंथ 1880 मध्ये निघाला. त्यातल्या वेड्यावाकड्या रेघा मला आजही एखाद्या लिपीच्या कच्च्या आराखड्यासारख्या दिसतात.

निसर्गावरून हलती अक्षरे करायची असतील तर सुरुवात इथून करावी. सहसा ती होते दुसऱ्याच टोकाला. अक्षर आधी तयार असते, मग त्याच्या कान्याला पाने फुटतात, वेलांटीवर फूल बसते, शेवटी एक फुलपाखरू येते. लग्नपत्रिकेला हे शोभते, पण यात निसर्ग अक्षराच्या अंगावर घातलेला दागिना होऊन राहतो. स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ डार्सी वेंटवर्थ थॉम्पसन यांनी 1917 सालच्या 'ऑन ग्रोथ अँड फॉर्म' या ग्रंथात मांडलेला विचार इथे फार उपयोगी पडतो. सजीवाचा आकार म्हणजे त्याच्यावर काम केलेल्या बलांची आणि त्याच्या वाढीच्या वेगाची नोंद असते. शिंपला तसा दिसतो कारण तो तसा वाढला. हे पटले की अक्षरकाराचा प्रश्न बदलतो. हे अक्षर कशासारखे दिसेल, यापेक्षा ते कसे वाढेल हे आधी ठरवावे लागते. अ‍ॅनिमेशन करणाऱ्याच्या हाती वेळ असतो, म्हणून हा प्रश्न त्याला विचारता येतो. छापील अक्षराला ही सोय नाही.

'वाढणे' ही एकच गोष्ट नाही, हे शेतात-बागेत वावरणाऱ्याला माहीत असते, पण संगणकावर बसलेला कलाकार विसरतो. मुळाचे घ्या. मूळ टोकाशी वाढते. मागचा भाग जिथे आहे तिथेच राहतो. गवताचे पाते उलट बुडातून वाढते, म्हणून तर शेंडा कापला तरी हिरवळ पुन्हा उंच होते. बांबूचा कोंब जमिनीतून बाहेर येतो तोच आपली पूर्ण जाडी घेऊन. पुढे तो फक्त उंच होतो, आणि काही जातींत दिवसाला 91 सेंटिमीटरपर्यंत वाढ नोंदलेली आहे. नेच्याचे कोवळे पान गुंडाळीच्या रूपात येते. आधी बाहेरची बाजू जास्त वेगाने वाढलेली असते म्हणून ते वळलेले असते, मग आतली बाजू तिला गाठते आणि गुंडाळी बुडाकडून शेंड्याकडे सुटत जाते.

आता एक साधा काना या चार रीतींनी काढून पाहा. मुळाच्या रीतीने तो टोकाशी लांबत जाईल आणि वरचा भाग हलणार नाही. गवताच्या रीतीने त्याचा टोकदार शेंडा आधी येईल आणि खालून ढकलला जाईल. बांबूच्या रीतीने जाडी पहिल्या फ्रेमपासून पूर्ण असेल. नेच्याच्या रीतीने तो गोल असेल आणि सरळ होईल. शेवटच्या फ्रेममध्ये चारही काने तंतोतंत सारखे, पण पाहणाऱ्याला चार वेगळ्या वनस्पती दिसलेल्या असतात. पान नाही, रंग नाही, फूल नाही. या विषयातले मला सर्वांत आवडणारे रहस्य हेच आहे. आणि म्हणूनच सॉफ्टवेअरमधली 'स्केल' ही आज्ञा वाढ दाखवायला वापरू नये असे मी आग्रहाने सांगतो. तिने सगळी रेघ एकदम लांबते आणि डोळ्याला ते ताणलेले रबर वाटते.

देवनागरीला या कामात एक मोठी अनुकूलता आहे. रोमन अक्षरे तळरेषेवर उभी राहतात, आपली शिरोरेषेला लोंबतात. जे लोंबते आणि खाली वाढते असे झाड आपल्या गावोगावच्या पारावर आहे: वड. म्हणून उदाहरणासाठी 'सावली' हा शब्द घेऊ आणि तो वडाच्या नियमाने वाढवू.

आधी शब्दाची हाडे मोजू. 'सावली'त चार दंड आहेत: स चा, आ चा काना, व चा आणि दीर्घ वेलांटीचा. ल मात्र निराळा. मराठीत पाकळीचा ल लिहितात, महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही तोच प्रमाण मानला आहे, आणि त्याला तळापर्यंत जाणारा उजवा दंड नसतो. अनेक फॉन्टांत दोन्ही ल असतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवली तरच आपला ल उमटतो. काम सुरू करण्याआधी हे तपासावे, नाहीतर सगळी वाढ दंडाच्या ल वर बसवून झाल्यावर चूक लक्षात येते आणि ती दुरुस्त करायला मुळापासून सुरुवात करावी लागते.

शिरोरेषा ही फांदी. हाताने लिहिताना पुष्कळजण ती शेवटी ओढतात. इथे झाडाचा क्रम पाळायचा, म्हणून ती पहिली. डावीकडून उजवीकडे टोकाने सरकत जाईल आणि तिच्या मागे मागे जाडी भरत जाईल. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर दीड सेकंद म्हणजे 36 फ्रेम तिला पुरेत. मग पारंब्या. चारही एकदम सोडल्या तर ती कवायत होईल, ठरावीक अंतराने सोडल्या तरीही. पहिली सुटल्यावर दुसरी 7 फ्रेमनंतर, तिसरी 4 नंतर, चौथी 11 नंतर अशी ओबडधोबड अंतरे ठेवावीत.

पारंबीचे आयुष्य दोन अंकी आहे. जमिनीला टेकेपर्यंत ती बारीक असते, वाऱ्यावर झुलते. टेकली, माती धरली की जाड होऊ लागते आणि काही वर्षांत फांदीला तोलणारा खांब बनते. लांबी आधी, जाडी नंतर, बांबूच्या बरोबर उलट. अक्षरात तळरेषा ही जमीन. पारंबी तिच्यापर्यंत पोचेपर्यंत रेघ केसाएवढी ठेवावी, टेकल्याक्षणी झोके थांबवावेत आणि मग जाडी चढू द्यावी. टेकण्याचा हा क्षण सगळ्या दृश्याचा कणा आहे. त्याच्या आधी हालचाल आणि नंतर वजन, असा बदल डोळ्याला स्पष्ट कळला पाहिजे.

झोक्यांचेही एक गणित आहे. लोंबणाऱ्या वस्तूच्या झोक्याला लागणारा वेळ तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 1 मीटरचा लंबक एक पूर्ण झोका सुमारे 2 सेकंदांत घेतो, 4 मीटरचा सुमारे 4 सेकंदांत. म्हणजे पारंबी जसजशी लांब होईल तसतसा तिचा झोका संथ व्हायला हवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच लय ठेवली तर काय चुकले हे पाहणाऱ्याला सांगता येणार नाही, पण त्याला ते खोटे वाटेल. शाळेत शिकलेले सूत्र अशा ठिकाणी कामी येते याचा मला मोठा आनंद वाटतो.

आता उरलेले अवयव. व चे पोट कुठून आणायचे? वडाच्या कुळातल्या झाडांची मुळे एकमेकांना टेकली की जुळून जातात, त्यांची सांधेजोड होते. तेव्हा व च्या दंडातून एक बारीक फाटा डावीकडे निघेल, गोल फिरून परत दंडाला टेकेल आणि त्या सांध्यापाशी किंचित फुगवटा धरेल. स चा डावा भाग ही शिरोरेषेतून सुटलेली स्वतंत्र पारंबी, आणि मधली आडवी रेघ हा तिने दंडाशी केलेला सांधा. ल च्या पाकळ्यांना वडाचा नियम लावू नये, ओढाताण होते. त्या नव्या पानासारख्या उलगडाव्यात. वेलांटी सगळ्यांत शेवटी, दंड पक्का झाल्यावर.

हे करताना वाचनीयतेचा एक धोका समोर येतो, आणि तो लिपी जाणणाऱ्यालाच दिसतो. दंड सगळ्यांचा सारखा असल्याने तो वाचकाला फारसे काही सांगत नाही. प, व, ब, म, स यांची ओळख दंडाच्या डावीकडे असते. म्हणून दंडाशी कितीही खेळ केला तरी चालतो, पण डावा भाग वेळेवर आला पाहिजे. चारही दंड झोकात पूर्ण करून मग पोटे भरायला घेतली तर तीन-चार सेकंद वाचकासमोर फक्त कुंपण असते. व चा फाटा दंड जाड व्हायच्या आधीच निघायला हवा.

याहून नाजूक जागा पुढे आहेत. व च्या पोटात पानाची शीर म्हणून एक तिरकी रेघ काढली की तो ब होतो. ध आणि भ यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते. फांदी वाढता वाढता ती फट बुजली की ध चा घ आणि भ चा म वाचला जातो. शिरोरेषेवर वडाचे लाल फळ किंवा दवाचा थेंब बसवण्याचा मोह होतो, आणि बसवला की तो अनुस्वार असतो. रोमन लिपीत काम करणाऱ्याला या गोष्टी कोणी शिकवत नाही आणि शिकवण्याची गरजही नाही. आपल्याकडे मात्र निसर्ग कुठे थांबवायचा याची यादी लिपीने आधीच करून ठेवली आहे. ती यादी पाठ असलेला कलाकारच मोकळेपणाने प्रयोग करू शकतो.

वडाइतकाच जवळून पाहावा असा दुसरा गुरू म्हणजे कळलावी. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याच्या झुडपांत, कुंपणांवर ही चढलेली दिसते. तिला चढण्यासाठी वेगळे ताणे नसतात. पानाचे टोकच निमुळते होत होत शेवटी वळते आणि जवळची काडी पकडते. म्हणजे पान कुठे संपले आणि ताणा कुठे सुरू झाला ती रेषा दाखवता येत नाही. बोरूने लिहिलेल्या अक्षराच्या शेवटी रेघ अशीच बारीक होत सुटते. त्या सुटत्या टोकाला कळलावीची सवय लावली तर अक्षरे एकमेकांना धरू शकतात, आणि तीही शिरोरेषेशिवाय. फुलाचे तर काय सांगावे. ते खाली तोंड करून लोंबते, पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, कडा लाटांसारख्या, आणि उमलल्यापासून काही दिवसांत रंग हिरवट पिवळ्यापासून नारिंगी, मग तांबडा होत जातो. रंगबदलाचा असा आयता क्रम मिळाल्यावर रंगांच्या तयार पट्ट्या कशाला शोधायच्या? (झाड सगळे विषारी आहे. निरीक्षण डोळ्यांनीच करावे.)

ताण्याबद्दल एक बारकावा. काकडीचा किंवा दोडक्याचा ताणा आधार पकडतो तेव्हा त्याची दोन्ही टोके बांधली जातात, आणि मग तो मधल्या भागात स्प्रिंगसारखे वेटोळे घालतो. दोन्ही टोके पक्की असताना एकाच दिशेने पीळ घालत राहणे शक्य नसते. त्यामुळे अर्धी वेटोळी एका दिशेची आणि अर्धी उलट दिशेची होतात, आणि मधोमध एक उलटापालटीची जागा राहते. डार्विन यांनी 1865 मध्ये चढणाऱ्या वनस्पतींवर लिहिताना याची नोंद केली होती. काकडीच्या ताण्याची यांत्रिकी 2012 साली पुन्हा प्रयोगांनी तपासली गेली. दोन अक्षरे ताण्याने जोडताना ही उलटापालट काढली की जोड खरी वाटते. वेलीवरची दोडकी उतरवताना ती कोणालाही पाहता येते.

वाऱ्याचा प्रश्न संगणकाच्या जगात केव्हाच सुटलेला आहे. प्रत्येक फ्रेमला वाटेल तो आकडा घेऊन अक्षर हलवले तर ते थरथरते, आणि थरथर म्हणजे बिघाड वाटतो. केन पर्लिन यांनी 'ट्रॉन' या 1982 सालच्या चित्रपटाच्या कामानंतर एक पद्धत शोधली, 1985 मध्ये ती प्रसिद्ध केली आणि 1997 साली तिला ऑस्कर अकादमीचा तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला. 'पर्लिन नॉइज' या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात आकडे अनपेक्षित असतात, पण शेजारचे आकडे एकमेकांशी सलोख्याने असतात, म्हणून बदल गुळगुळीत होतो. त्यात आणखी एक गोष्ट आपण घालायची: वारा एका बाजूने येतो. डावीकडचे अक्षर आधी वाकले पाहिजे आणि उजवीकडचे नंतर. सगळा शब्द एकदम डोलला तर वारा दिसत नाही, शब्दच कोणीतरी हलवतो आहे असे वाटते.

वाढीचे नियम थेट सूत्रांत लिहिण्याची परंपराही आहे. हंगेरीत जन्मलेले जीवशास्त्रज्ञ ॲरिस्टिड लिंडेनमायर यांनी 1968 साली शेवाळासारख्या तंतुमय जीवांची वाढ दाखवण्यासाठी एक पद्धत मांडली. तिच्यात अक्षरांच्या जागी अक्षरे ठेवत जायचे, एवढेच. समजा नियम दोनच आहेत: जिथे 'अ' असेल तिथे 'अब' लिहा, जिथे 'ब' असेल तिथे 'अ' लिहा. 'अ'पासून निघालो तर 'अब', मग 'अबअ', मग 'अबअअब', मग 'अबअअबअबअ'. लांबी 1, 2, 3, 5, 8 अशी वाढते, म्हणजे फिबोनाची क्रमाने. पुढे 'एवढे सरक', 'इतके वळ', 'इथे फांदी फोड' अशा खुणा त्यात आल्या आणि पडद्यावर झाडे उगवू लागली. प्रझेमिस्लाव प्रुसिंकिविच यांच्यासोबतचे त्यांचे 'द अल्गोरिदमिक ब्यूटी ऑफ प्लांट्स' हे पुस्तक 1990 साली निघाले. कोड लिहून चित्र काढू पाहणाऱ्याने ते चाळावेच. त्यासाठी लागणारे 'प्रोसेसिंग' हे साधन केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 2001 मध्ये सुरू केले, आणि ते आजही फुकट मिळते.

ॲलन ट्युरिंग यांनी 1952 मध्ये मांडलेली प्राण्यांच्या अंगावरच्या ठिपक्या-पट्ट्यांची उपपत्तीही अक्षरकारांना भुरळ घालते. दोन रसायने एकमेकांशी प्रक्रिया करत वेगवेगळ्या वेगाने पसरली की आपोआप नक्षी उमटते. ती पडद्यावर फार सुंदर दिसते. पण तिला दिशा नसते, आणि अक्षर हे दिशेवर जगते. माझ्या मते ती अक्षराच्या पोटात भरायला चांगली. अक्षराचा सांगाडा तिच्या हवाली करू नये.

सूत्र अक्षरातच घालण्याचा एक जुना प्रयोग इथे आठवतो. नेदरलँड्सच्या युस्ट व्हॅन रॉसम आणि एरिक व्हॅन ब्लॉकलँड या जोडीने 'बेओवुल्फ' नावाचा टाइप केला आणि तो 1990 मध्ये विक्रीला आला. छपाईच्या वेळी त्याच्या कडा दर वेळी थोड्या निराळ्या सरकत, त्यामुळे एकाच पानावरचे दोन 'ई'सुद्धा सारखे नसत. (युस्ट हे पायथन ही संगणकभाषा तयार करणाऱ्या गिडो व्हॅन रॉसम यांचे भाऊ.) न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2011 साली जे 23 डिजिटल टाइप संग्रहात घेतले त्यांत हा आहे. झाडाची दोन पाने सारखी नसतात, हा निसर्गाचा नियम एकही पान न काढता अक्षरात आणलेला मला याहून चांगला दाखला माहीत नाही.

आपल्याकडे हलत्या अक्षरांची पूर्वतयारी स्थिर अक्षरांनी केली आहे. नाटकाच्या जाहिरातीतले शीर्षक वाचता वाचता त्या नाटकाचा भाव कळावा अशी अक्षरे कमल शेडगे यांनी अनेक दशके काढली. 2020 साली ते गेले. त्यांची शीर्षके पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला अक्षराचे वळण बोलते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, आणि प्रयोग करणाऱ्याला असा वाचक मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

आता प्रत्यक्ष टेबलावरचे काम. फॉन्टमधले अक्षर ही बाहेरची कड असते. तिच्या आत रेघ कुठून कुठे गेली याची माहिती नसते. वाढवायचे तर आधी सांगाडा लागतो. तो बोरूने किंवा पेन्सिलने कागदावर काढावा, एकेरी रेघेत पुन्हा गिरवावा आणि जाडी हा वेगळा, नंतर हलवता येणारा घटक ठेवावा. तयार मजकुराला 'अक्षरागणिक हालचाल' लावण्याचा सोपा मार्ग देवनागरीत बहुधा फसतो: शिरोरेषेचे तुकडे होतात, वेलांटी आपल्या अक्षराला सोडून भलतीकडे जाते, जोडाक्षर फुटते. म्हणून शब्द आकारांत बदलून घ्यावा आणि मग आपल्या हाताने त्याचे भाग पाडावेत: शिरोरेषा एक, दंड वेगळे, पोटे वेगळी, मात्रा वेगळ्या. कंटाळवाणे काम आहे, पण भाग पाडतानाच पुढची निम्मी रचना सुचते.

2016 मध्ये अडोबी, ॲपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून व्हेरिएबल फॉन्ट जाहीर केले. एकाच फाइलमध्ये बारीक ते जाड अशी अखंड श्रेणी त्यात मिळते, म्हणून पारंबी जाड होण्याचा भाग त्यात छान बसतो. मर्यादा अशी की दोन्ही टोकांच्या आकृत्यांत बिंदूंची संख्या आणि क्रम सारखाच लागतो. वाटेत नवी फांदी फुटू शकत नाही. यावर उपाय म्हणजे ती फांदी पहिल्यापासून शून्य लांबीची करून आत दडवून ठेवणे, पानाच्या बगलेत डोळा असतो तशी.

शब्द आला तसा जायलाही हवा. पुष्कळ कामांत तीच फिल्म उलटी फिरवतात. मला हे पटत नाही, कारण कोणतेही झाड मागे मागे लहान होत बी होत नाही. जाण्याच्या रीती निसर्गात स्वतंत्र आहेत. पान गळते तेव्हा देठाच्या बुडाशी आधी एक कमकुवत थर तयार होतो, मग ते सुटते. म्हणजे अक्षराचा सांधा आधी सैल दिसावा आणि पडणे नंतर यावे. लाजाळू आणखी उपयोगी. स्पर्श झाला की तिची पर्णके जोडीजोडीने, एकामागून एक मिटत जातात, शेवटी देठही झुकतो. पानांच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यांतल्या पेशींमधून पाणी निघून जाते आणि फुगवटा उतरतो, म्हणून हे घडते. मिटायला काही सेकंद, उघडायला मात्र कित्येक मिनिटे. दोन्ही वेग सारखे ठेवले की लाजाळू संपली. बटणावर बोट पडताच मिटणारे आणि मग सावकाश सावरणारे शीर्षक करायचे असेल तर या दोन वेगांमधला फरक हाच त्याचा प्राण आहे.

प्रयोग कितीही धीट असला तरी शब्द पूर्ण झाल्यावर तो हळू आवाजात दोनदा वाचता येईल इतका वेळ थांबू द्यावा. 'सावली'ला दोन सेकंद पुरतात, लांब शीर्षकाला जास्त. पडदा सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू नये, हा वेबच्या सुलभतेचा नियम झटके येणाऱ्या लोकांसाठी आहे आणि पावसात वीज दाखवताना तो हमखास मोडला जातो. ज्यांना हलत्या पडद्याने गरगरते ते फोनमध्ये 'हालचाल कमी' हा पर्याय निवडून ठेवतात. वेबपानाला तो ओळखता येतो आणि तिथे स्थिर चित्र द्यायचे असते. ते चित्र म्हणून आपोआप शेवटची फ्रेम उचलली जाते. त्याऐवजी नीट पाहून निवडावी: चारही दंड तळाला टेकलेले, व चे पोट बंद झालेले, स चा सांधा जुळलेला, पण चौथ्या दंडाची जाडी अजून पुरती चढलेली नाही आणि वेलांटीचे टोक थोडे सुटे आहे, अशी एखादी. वाचायला ती पूर्ण असते, आणि वाढ चालू आहे हेही तीत दिसते.